थर्मोस्टॅट बदलण्याआधी

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मिरकरवाडा बंदरात बोटी शाकारून ठेवलेल्या असतात आणि रत्नागिरी परिसरातल्या मासळी प्रक्रिया कारखान्यांमध्ये धुलाईची बरीचशी यंत्रं दोन महिने बंद पडून राहतात. त्यांत क्रेट धुण्याची यंत्रं असतात, गरम पाण्याचे प्रेशर वॉशर असतात, टेबलं आणि फरशी धुण्यासाठी पाणी तापवणाऱ्या टाक्या असतात. ऑगस्ट लागतो, मासळी उतरू लागते, यंत्र सुरू होतं, आणि पाणी कोमटच राहतं. नाहीतर बटण दाबल्याबरोबर ईएलसीबी, म्हणजे वीजगळती पकडणारा स्विच, पडतो. अशा वेळी पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: थर्मोस्टॅट गेला. नवा आणून बसवला जातो. कधी यंत्र चालतं, कारण जुना काढताना गंजलेली टोकं घासली गेली आणि स्क्रू नव्याने आवळले गेले. कधी चालत नाही, मग कॉइल बदलली जाते, मग कॉण्टॅक्टर. खर्च होतो तो होतोच, पण खरा दोष काय होता हे कुणालाच कळत नाही आणि तोच दोष पुढच्या ऑगस्टला पुन्हा उभा राहतो.

पाणी नीट तापत नाही या तक्रारीत थर्मोस्टॅटवर सगळ्यात आधी संशय घेतला जातो, आणि तो सगळ्यात शेवटी घ्यायला हवा. निदान आपल्या किनाऱ्यावर तरी. इथली खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल थर्मोस्टॅटच्या आजूबाजूच्या सगळ्या गोष्टींवर आधी हल्ला करते. त्या तपासायला महाग उपकरणं लागत नाहीत. एक मल्टीमीटर, वीजरोधन मोजणारा एक मेगर, एक साधा तापमापक आणि थोडं गणित पुरतं.

मुळात धुलाईच्या पाण्याला नेमकं तापमान कशाला हवं, हे आधी पाहू. ‘जेवढं गरम तेवढं चांगलं’ ही समजूत मासळीच्या कारखान्यात चालत नाही. रत्नागिरीत सुरिमी तयार होते. माशाचं मांस बारीक करून थंड पाण्यात वारंवार धुतलं, त्यातली चरबी, रक्त आणि पाण्यात विरघळणारी प्रथिनं काढून टाकली की जो पांढरा लगदा उरतो ती सुरिमी. तिच्यातली स्नायूंची प्रथिनं मिठाबरोबर साधारण 40 अंश सेल्सिअसला जेलीसारखी धरू लागतात आणि 90 अंशांच्या आसपास घट्ट होतात. याच गुणामुळे सुरिमीपासून खेकड्याच्या चवीचे तुकडे बनवता येतात. पण यंत्राच्या पात्यावर राहिलेल्या लगद्यावर एकदम 70 अंशांचं पाणी मारलं तर तो तिथेच शिजून चिकटतो. म्हणून प्रथिनांचा मळ आधी थंड किंवा जेमतेम कोमट पाण्याने काढायचा आणि मगच साबणासह 50 ते 60 अंशांच्या पाण्याने चरबी सोडवायची, असा क्रम असतो. आंब्याच्या रसाच्या कारखान्यात गणित वेगळं. तिथे नळ्या आणि टाक्या न उघडता आतल्या आत धुतात, त्यासाठी 1 ते 2 टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण 75 ते 80 अंशांना फिरवतात. मांस उद्योगात हत्यारं निर्जंतुक करायला किमान 82 अंशांचं पाणी हवं, असा युरोपीय संघाचा नियम आहे.

आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. टाकीतलं पाणी 25 ते 45 अंशांच्या दरम्यान रेंगाळत राहिलं तर त्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात. ते पाणी पिऊन नव्हे, तर त्याचे बारीक तुषार श्वासावाटे आत जाऊन न्यूमोनिया होतो. धुलाईची गन नेमके असेच तुषार उडवते. म्हणून साठवणुकीची टाकी 60 अंशांना ठेवावी असं सांगितलं जातं. पण 60 अंशांचं पाणी अंगावर पडलं तर सुमारे 5 सेकंदांत त्वचा खोलवर भाजते. म्हणजे वर धोका आहे आणि खालीही आहे, आणि या दोन्हींच्या मध्ये तो छोटा स्विच बसलेला असतो.

हो, थर्मोस्टॅट हा स्विचच आहे. ठरवलेल्या तापमानाला वीज तोडायची आणि पाणी थोडं निवलं की पुन्हा जोडायची, एवढंच त्याचं काम. पाणी तो तापवत नाही, ते काम कॉइलचं. ही साधी गोष्ट लक्षात ठेवली तर निम्मं निदान झालंच म्हणून समजा. स्विचचे दोष तीनच असू शकतात: तो जुळत नाही, तो तुटत नाही, किंवा चुकीच्या तापमानाला तुटतो. ‘पाणी तापतं, पण फार वेळ लागतो’ ही तक्रार या तिन्हींत बसत नाही. पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचत असेल, फक्त उशिरा पोहोचत असेल, तर थर्मोस्टॅटला हात लावायचं कारण नाही.

स्विचला तापमान कळतं ते धातू किंवा द्रव तापल्यावर प्रसरण पावतो म्हणून. या कल्पनेचा इतिहास मोठा आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्याच्या भट्टीचं तापमान आपोआप सांभाळणारी योजना केली होती. 1830 मध्ये अँड्र्यू युर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने दोन धातूंच्या जोडपट्टीवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं, तेही कापड गिरण्यांची गरज ओळखून. आज साध्या टाक्यांत जो दांडीचा थर्मोस्टॅट असतो त्यात पितळी नळी आणि तिच्या आत इन्व्हार या मिश्रधातूची कांडी असते. इन्व्हारमध्ये सुमारे 36 टक्के निकेल असतं, बाकी लोखंड. तापल्यावर ते जवळजवळ वाढतच नाही. हा धातू शोधणाऱ्या शार्ल एदुआर गियोम यांना 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पितळ वाढतं, इन्व्हार वाढत नाही, आणि दोघांतल्या फरकाने स्विच उडतो. हा फरक किती असतो? 25 सेंटिमीटरच्या नळीत 50 अंशांच्या तापमानवाढीला 0.22 मिलिमीटर. पाव मिलिमीटरसुद्धा नाही. एवढ्याशा हालचालीवर सगळं अवलंबून असताना स्विचच्या कोपऱ्यात मिठाचा थर बसला किंवा स्प्रिंग गंजली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

धुलाईच्या मोठ्या यंत्रांत बहुधा कॅपिलरी थर्मोस्टॅट असतो. टाकीत खोचलेल्या छोट्या बल्बमध्ये द्रव असतो. तो तापून वाढतो आणि केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीतून जाऊन पलीकडचा पडदा फुगवतो, पडदा स्विच उडवतो. या प्रकाराची एक घातक बाजू आहे. नळी वाकवताना चिरली आणि द्रव गळून गेला, तर पडदा कधीच फुगणार नाही. साध्या बनावटीच्या थर्मोस्टॅटमध्ये याचा अर्थ स्विच कायम जुळलेला राहणार आणि पाणी तापतच जाणार. म्हणून दुरुस्तीच्या वेळी ती नळी तीक्ष्ण कोनात मोडायची नाही, आणि झाकण लावताना पत्र्याच्या कडेखाली येऊ द्यायची नाही.

अशा थर्मोस्टॅटची परीक्षा टेबलावर करता येते. वीज पूर्ण बंद करून तो काढायचा, दोन टोकांमधला रोध मोजायचा. थंड असताना तो जवळपास शून्य हवा. मग बल्ब एका भांड्यातल्या पाण्यात तापमापकासोबत बुडवून पाणी हळूहळू तापवायचं. ‘टक्’ आवाज येऊन मीटरवरचा मार्ग तुटला की तापमान वाचायचं, आणि पाणी निवताना पुन्हा कधी जुळतो तेही पाहायचं. 60 ला तुटून 53 ला जुळला तर तो दोष नाही. तुटण्या-जुळण्यात असा 5 ते 10 अंशांचा फरक मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर स्विच दर मिनिटाला उडून लवकर जळेल. गरम पाण्याच्या एका पातेल्यात होणारी ही परीक्षा आहे, तरी ती न करताच कितीतरी चांगले थर्मोस्टॅट भंगारात जातात.

आता तो गणिताचा भाग. समजा 100 लिटरची टाकी आहे, पाणी 28 अंशांचं आहे आणि ते 60 ला न्यायचं आहे. त्याला सुमारे 3.7 युनिट वीज लागते. 3 किलोवॉटची कॉइल हे काम साधारण सव्वा तासात करते. तुमच्या यंत्राला एवढाच वेळ लागत असेल तर त्यात बिघाड नाहीच, अपेक्षा चुकीची आहे. जास्त लागत असेल तर पहिला प्रश्न व्होल्टेजचा. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 ऐवजी 200 व्होल्ट मिळाले तर 3 किलोवॉटची कॉइल जेमतेम सव्वादोन किलोवॉट देते आणि तेच पाणी तापायला एक तास चाळीस मिनिटं लागतात. मे महिन्यातल्या संध्याकाळी, लाइनच्या टोकाला असलेल्या वाडीत हे रोज घडतं. थ्री फेजवर तीन कॉइल असतील आणि एक जळली असेल तर ताकद दोन तृतीयांशावर येते. कॉइल स्टार जोडणीत असून न्यूट्रल जोडलेला नसेल तर थेट निम्म्यावर येते. म्हणून वेळ मोजणं हीसुद्धा तपासणीच आहे. नेहमीपेक्षा दीडपट वेळ लागतोय की दुप्पट, यावरून काय गेलंय याचा अंदाज झाकण उघडण्याआधीच येतो. झाकण उघडल्यावर कॉइलचा रोध मोजायचा: 3 किलोवॉट, 230 व्होल्टच्या कॉइलचा तो साडेसतरा ओहमच्या आसपास हवा. अनंत दाखवला तर कॉइल तुटली आहे.

इथून पुढे चालू विजेवर मोजमाप येतं. ओली फरशी, पत्र्याचं यंत्र आणि 230 किंवा 400 व्होल्ट हे एकत्र असताना हे काम परवानाधारक वायरमननेच करायचं. कारखान्याच्या मालकाला किंवा देखभाल करणाऱ्याला त्यातलं तत्त्व माहीत असलं म्हणजे वायरमनला नेमकं काय विचारायचं ते कळतं.

वीज कॉइलपर्यंत एका साखळीतून जाते: मुख्य स्विच, एमसीबी, पाण्याची पातळी किंवा प्रवाह पाहणारा स्विच, थर्मोस्टॅट, सुरक्षा कटआउट, आणि मोठं यंत्र असेल तर या सगळ्यांच्या हुकमाने ओढला जाणारा कॉण्टॅक्टर. शोधायची रीत अशी की साखळीच्या मध्यावर वीज आहे का ते पाहायचं. असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. दोन-तीन मोजमापांत दोषाची जागा सापडते. टेस्टरचा दिवा मात्र इथे दगा देतो. त्याला पेटायला नाममात्र प्रवाह पुरतो, त्यामुळे गंजून खिळखिळा झालेला सांधासुद्धा त्याला ठणठणीत वाटतो. खरी परीक्षा भार चालू असताना होते. जुळलेल्या स्विचच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज जवळपास शून्य हवं. पूर्ण 230 दिसले तर तो तुटलेला आहे. आणि 2 व्होल्ट दिसले तर? आकडा क्षुल्लक वाटतो, पण 13 अँपिअरच्या भारावर त्याचा अर्थ त्या टिचभर जागेत 26 वॅट उष्णता तयार होते आहे. एक आख्खं सोल्डरिंग आयर्न त्या स्क्रूपाशी दिवसभर चालू ठेवल्यासारखं. प्लास्टिक तपकिरी होतं, वायरचं आवरण कडक होऊन तडकतं, आणि एक दिवस टोक जळून सुटतं. तेव्हा जळका थर्मोस्टॅट हातात घेऊन आपण म्हणतो, याची क्वालिटी बरोबर नाही. प्रत्यक्षात तो सैल स्क्रूने मेलेला असतो.

हे आपल्याकडे जास्त का घडतं, याचं उत्तर मिठाच्या रसायनशास्त्रात आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात, ते पॅनेलच्या फटींतून आत जाऊन बसतात. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर साधारण 33 टक्के आर्द्रतेलाच ओलं होतं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस 75 च्या खाली येत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडच्या हिशोबाने पाहिलं तर उन्हाळ्यातही इथलं पॅनेल कधी पूर्ण कोरडं नसतं. टोकांवर विजेचं वहन करणारं खारट पाणी बसलेलं असतं, मग ते दिसो वा न दिसो. त्यामुळे तांबं हिरवं पडतं, लोखंडी स्क्रू फुगतात, आणि जिथे वीज जाऊ नये तिथून थोडी थोडी पाझरते. देशावरच्या कारखान्यासाठी लिहिलेलं देखभालीचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालवता येत नाही. तिथे वर्षातून एकदा स्क्रू आवळून भागत असेल, इथे दर तीन महिन्यांनी पॅनेल उघडावं, केबल आत येते तिथली ग्लँड घट्ट आहे का पाहावं, टोकांना कथिलाचा मुलामा दिलेले लग वापरावेत. पॅनेलवरच गन मारून ‘सफाई’ करण्याची सवय तर ताबडतोब बंद करावी.

ऑगस्टमध्ये ईएलसीबी पडतो त्याचं कारण बहुतेक वेळा कॉइलच्या पोटात असतं. कॉइलच्या धातूच्या नळीत मधोमध नायक्रोमची तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड दाबून भरलेली असते. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते आणि वीज अडवते, म्हणूनच ती निवडलेली आहे. पण तिचा एक अवगुण म्हणजे ती हवेतली ओल शोषते. यंत्र रोज चालत असेल तर कॉइलच्या उष्णतेने ओल बाहेर पडत राहते. दोन महिने, तेही जून-जुलैत, यंत्र बंद राहिलं तर टोकांच्या सीलमधल्या बारीक फटींतून ओल आत जाते आणि तारेतून नळीकडे वीज झिरपू लागते. 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी ते पकडतो आणि पडतो. तो अगदी बरोबर वागतो आहे. 500 व्होल्टच्या मेगरने कॉइलचं टोक आणि तिची नळी यांमधला रोध मोजावा. तो किमान 1 मेगाओहम हवा. कमी असेल तर कॉइल लगेच फेकायची गरज नाही. ती काढून 120 अंशांच्या आसपास काही तास भट्टीत सुकवावी. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात व्हार्निश सुकवायची भट्टी असते, तिथे हे काम होतं. थंड झाल्यावर पुन्हा मेगर लावावा. रोध वर आला तर सील नव्याने करून कॉइल बसवावी. आला नाही तर नळीला छिद्र पडलं आहे, ती कॉइल बाद. ईएलसीबी काढून थेट जोडणी करून ‘सध्या चालवून घेऊ’ असं कुणी सुचवलं तर त्याला साफ नकार द्यावा. ओल्या फरशीवर गमबूट घालून, हातात धातूची गन धरून उभी असलेली बाई किंवा पोरगा त्या उपकरणाच्या भरवशावर काम करत असतो.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असलेल्या यंत्रांत ओल वेगळी फसवते. तिथे तापमान सेन्सर मोजतो आणि निर्णय नियंत्रक घेतो. दोन प्रकारचे सेन्सर सर्रास सापडतात आणि दोघांचं वागणं एकमेकांच्या उलट आहे. एनटीसी सेन्सरचा रोध तापमान वाढलं की घटतो. सगळ्यात प्रचलित प्रकारात तो 25 अंशांना 10 किलोओहम, 50 अंशांना सुमारे 3.6 आणि 60 अंशांना सुमारे 2.5 किलोओहम असतो. आता त्याच्या सांध्यात खारट ओल शिरली आणि 8 किलोओहमचा समांतर मार्ग तयार झाला असं समजा. पाणी 50 अंशांवर असताना नियंत्रकाला एकूण रोध 2.5 किलोओहमच दिसेल. तो 60 अंश वाचेल आणि कॉइल बंद करेल. पडद्यावर 60, नळाला 50. पीटी 100 या दुसऱ्या सेन्सरचा रोध शून्य अंशाला 100 ओहम असतो आणि तो अंशागणिक सुमारे 0.385 ओहमने वाढतो. त्याला ओलीच्या समांतर मार्गाने फार फरक पडत नाही, पण गंजलेल्या सांध्याने फक्त 2 ओहमची भर घातली तरी दोन तारांच्या जोडणीत तो 5 अंश जास्त दाखवतो. लक्षण एकच, पाणी कमी तापतं. पण एनटीसीमध्ये ओल शोधायची आणि पीटी 100 मध्ये गंज. पडद्यावरचा आकडा खरा मानून चालणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही. म्हणून पाण्यात स्वतंत्र तापमापक धरून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत.

डिझेल बर्नरवर चालणाऱ्या प्रेशर वॉशरचा विचार थोडा निराळा. अशा यंत्रांचा युरोपातला प्रवास 1950 साली जर्मनीत आल्फ्रेड कार्शर यांच्या गरम पाण्याच्या उच्चदाब यंत्रापासून सुरू झाला असं मानतात. आज मासळीचे ट्रक धुणाऱ्या वॉशिंग सेंटरलाही ते परवडू लागलं आहे. इथे साठवणुकीची टाकी नसते. पाणी वेटोळ्यातून जाता जाताच तापतं, त्यामुळे तापमान प्रवाहावर अवलंबून असतं. 60 किलोवॉटचा बर्नर मिनिटाला 15 लिटर पाणी सुमारे 57 अंशांनी तापवतो, म्हणजे 28 चं पाणी 85 वर जातं. येणाऱ्या पाण्याची जाळी तुंबून प्रवाह 10 लिटरवर आला तर तोच बर्नर 86 अंश चढवू पाहील, पाणी उकळीच्या पलीकडे जाईल. त्याआधीच थर्मोस्टॅट डिझेलचा सोलेनॉइड बंद करतो, थोड्या वेळाने उघडतो, पुन्हा बंद करतो. बर्नर सारखा चालू-बंद होतो आणि दोष दिला जातो थर्मोस्टॅटला. आधी बादली आणि घड्याळ घेऊन मिनिटाला किती लिटर येतं ते मोजा. बर्नर नीट पेटत नसेल तर धुराकडे पाहा: पांढरा धूर म्हणजे डिझेल येतंय पण जळत नाही, काळा म्हणजे हवा कमी पडतेय, आणि धूरच नाही म्हणजे डिझेलच येत नाही. थर्मोस्टॅटचा संबंध असलाच तर या तिसऱ्या शक्यतेशी. पावसाळ्यात डिझेलच्या अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतली वाफ थंड होऊन डिझेलमध्ये पाणी साचतं, हेही विसरू नये. टाकीच्या तळाचं डिझेल काढून टाकूनच हंगाम सुरू करावा.

क्षारांच्या थराबद्दल थोडक्यात. जांभ्याच्या विहिरींचं पाणी सहसा मऊ असतं, त्यामुळे देशावरच्या बोअरच्या पाण्याने बसतो तसा दगडी पांढरा थर आपल्याकडे सहसा बसत नाही. पण खोल बोअरचं किंवा खाडीकाठचं मचूळ पाणी वापरणाऱ्यांनी गाफील राहू नये. विजेच्या कॉइलवर थर बसला तर पाणी तापायला लागणारा वेळ फारसा बदलत नाही, कारण वीज तेवढीच खर्च होते. कॉइल मात्र आतून प्रमाणाबाहेर तापते आणि जळते. सेन्सरच्या कप्प्यावर थर बसला की त्याला तापमान उशिरा कळतं आणि पाणी ठरल्यापेक्षा वर जाऊन परत येतं. थर काढायला सायट्रिक आम्ल वापरावं. स्टेनलेस स्टीलच्या टाकीत हायड्रोक्लोरिक आम्ल घालू नये. क्लोराइड हा स्टेनलेस स्टीलचा शत्रू आहे, आणि 60 अंशांच्या वर 304 प्रतीच्या स्टीलला त्याने तडे जाऊ शकतात. मचूळ पाणी असेल तर यंत्र घेतानाच 316 प्रतीचं स्टील मागावं.

राहिला कटआउट, ज्याच्यावर छोटं लाल बटण असतं तो. थर्मोस्टॅट तुटायचा राहिला तर 85 ते 95 अंशांच्या दरम्यान हा वीज तोडतो आणि हाताने बटण दाबेपर्यंत जुळत नाही. मुद्दामच तसा केलेला आहे, की कुणीतरी येऊन पाहावं. एकदा रीसेट करून तो पुन्हा पडला तर थर्मोस्टॅटचे किंवा कॉण्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटले असण्याची, बल्बची नळी फुटल्याची किंवा कॉइल पाण्याबाहेर उघडी पडल्याची शक्यता असते. ही तीन कारणं तपासल्याशिवाय दुसऱ्यांदा बटण दाबू नका. हंगामाच्या घाईत त्याच्या दोन टोकांमध्ये तार टाकून यंत्र चालवलं जातं, हे मात्र अक्षम्य आहे. चिकटलेला थर्मोस्टॅट, बाद केलेला कटआउट आणि क्षाराने बुजलेला सेफ्टी व्हॉल्व्ह हे एकत्र आले तर बंद टाकीतलं पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही दाबाखाली पाणीच राहतं. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची त्याच क्षणी वाफ होते, आणि वाफेला मूळ पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा लागते. तुमच्या कारखान्यातल्या, हॉटेलातल्या किंवा वॉशिंग सेंटरमधल्या यंत्राचं झाकण एकदा वीज बंद करून वायरमनकडून उघडून घ्या. कटआउटवर अशी तार दिसली, तर ती काढून खरा दोष सापडेपर्यंत ते यंत्र चालू करू नका, मग बाहेर मासळीचे कितीही ट्रक उभे असोत.